बोटीच्या पडद्याची काच

माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक शेवटी एकच प्रश्न विचारतं. कापड बघून झालं, रंग ठरला, टिच बटणं पितळेची की स्टीलची यावर भरपूर काथ्याकूट झाला, की मग चहाचा कप खाली ठेवत ते म्हणणार, "आणि ही काच किती टिकेल?"

काच म्हणजे खरी काच नव्हे. बोटीवर ऊनपाऊस अडवायला कॅनव्हासचं आच्छादन असतं. त्याला बाजूंनी पडदे असतात आणि बाहेरचं दिसावं म्हणून त्या पडद्यांत जाड, पारदर्शक प्लास्टिकची खिडकी शिवलेली असते. आमच्या शेडमध्ये सगळे तिला काचच म्हणतात. ही शेड वागळे इस्टेटमध्ये आहे. आधी मी ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचो, मग रिक्षांचे हूड, आणि गेली बरीच वर्षं बोटींचे पडदे. ठाण्यात बसून बोटींचे पडदे शिवतो म्हटलं की लोकांना गंमत वाटते. पण खाडीत पक्षी दाखवायला नेणाऱ्या बोटी आहेत, मांडव्याकडे बंगले असलेल्यांच्या स्पीडबोटी आहेत. बोट काही वागळे इस्टेटला येत नाही, माप घ्यायला आम्ही तिच्याकडे जातो.

"पाच वर्षं," मी सांगतो. "जपलीत तर सहा. नाही जपलीत तर दोन पावसाळ्यांनंतर तिच्यातून समुद्र ताकासारखा दिसेल."

"फक्त पाच?" हाही प्रश्न ठरलेला, आणि इथे माझं डोकं फिरतं. माणूस स्वतःचा मोबाइल दोन वर्षांत टाकून देतो, पण या प्लास्टिकनं मात्र त्याच्या नातवाच्या मुंजीपर्यंत टिकायला हवं! मी त्यांना नियम सांगतो. उन्हात विनाकारण ठेवू नका, पिवळी पडते. घडी घालू नका, घडीवर चिरते. गुंडाळा, आणि गुंडाळताना मध्ये मऊ सुती कापड घाला. गोड्या पाण्यानं धुवा. स्पिरिट, रॉकेल, काचा पुसायचं ते निळं पाणी, यातलं काही लावू नका, ती करपते. लोक माना डोलावतात आणि जाऊन नेमकं निळं पाणीच मारतात.

आणखी एक नियम आहे, तो गिऱ्हाइकासाठी नाही, कारागिरासाठी आहे. नवीन काच करताना जुनी काच नमुना म्हणून ठेवायची नाही. ती आकसलेली असते. नव्या कारागिराला हे पटत नाही. तो हौसेनं जुनी काच टेबलावर पसरतो, तिच्याबरहुकूम कापतो, आणि बोटीवर गेल्यावर बटण आणि त्याची जागा यांची गाठच पडत नाही. मग तो माझ्या तोंडाकडे बघतो आणि मी माझ्या तोंडात जे येईल ते बोलतो.

हे सगळे नियम तंतोतंत पाळणारं माणूस मी एकच पाहिलं. तिच्याकडे बोट नव्हती. ती माझी आई.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला राहतो, कोपर स्टेशनच्या बाजूला. तेव्हा घरात आई, बाबा, मी आणि बायको. मुलगी शिकायला बाहेर. बाबा वागळे इस्टेटमधल्याच एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. मी पडद्यांच्या धंद्यात शिरलो तेव्हा त्यांना ते फारसं आवडलं नव्हतं, पण बोलून दाखवायची त्यांची पद्धत वेगळी होती. "मी जन्मभर रेघा ओढल्या," ते म्हणायचे, "आता तू त्यांच्यावर टाके घाल." रिटायर झाल्यावर मात्र ते अधूनमधून शेडमध्ये यायचे, माझ्या कारागिरांची मापं तपासायचे आणि चुका सापडल्या की आनंदानं घरी जायचे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबांना ताप आला. तपासणीत जे यायचं तेच आलं. हॉस्पिटलात जागा नव्हती. डॉक्टर फोनवर म्हणाले, वेगळ्या खोलीत ठेवा, ऑक्सिजन मोजत राहा, दार बंद ठेवा. आतली खोली बाबांची झाली. दार बंद ठेवायचं एवढी एकच गोष्ट आईला जमेना. ताट द्यायच्या निमित्तानं ती दार किलकिलं करायची आणि तिथंच उभी राहायची. मी ओरडायचो. मग ती बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि थोड्या थोड्या वेळानं विचारायची, "अहो, आहात ना?" आतून खोकला ऐकू आला की तिचं समाधान व्हायचं. पण ते समाधान पुढच्या खोकल्यापर्यंतच पुरायचं.

मला ते बघवेना. शेड बंद असल्यानं एक मशीन आणि थोडं सामान मी घरी आणून ठेवलेलं, त्यात बोटीच्या काचेचा एक कोरा तुकडा होता. म्हटलं, दाराला बोटीचा पडदा करू. चारी बाजूंनी निळा कॅनव्हास, मध्ये मोठी काच, चौकटीला टिच बटणं. दार उघडं ठेवून पडदा लावायचा. बाहेरून माप घ्यायला मी टेप काढली, तर आतून बाबांचा आवाज आला.

"टेप आत सरकव. तुझं माप बघितलंय मी."

"बाबा, पडून राहा ना जरा."

"पडूनच आहे. सरकव म्हटलं ना."

दाराखालून टेप आत गेली. बाबांनी चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन जागी घेतली, कारण बिल्डरनं लावलेली चौकट सरळ असते यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. एकेक माप घ्यायचे आणि दम खायला पलंगावर बसायचे. पलंगाची कुरकुर आम्हाला बाहेर ऐकू यायची. मग आकडा सांगायचे, मी तो परत म्हणून दाखवायचो, आणि बरोबर असला तर ते "हं" म्हणायचे. बटणं कुठं यायला हवीत तिथं त्यांनी चौकटीवर पेन्सिलनं खुणा केल्या, बारीक बाण काढून, कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये काढायचे तसे.

पडदा त्याच दिवशी शिवून लावला. एका धाग्याचाही फरक पडला नाही. त्यानं रोग अडला की नाही देव जाणे, पण आईची तगमग थांबली. ती बाहेर बसून मेथी निवडायची आणि बाबा आतून तिच्या हातांकडे बघत पडायचे. पिवळं पान तिच्या नजरेतून सुटलं की काचेवर टकटक करायला उठायचे. इतकी वर्षं एका घरात काढून ही दोघं एकमेकांकडे एवढा वेळ बघत बसलेली मी कधी पाहिली नव्हती. नवी काच असते तेव्हा फार सुंदर असते हो. समोर काही आहे हे विसरायलाच होतं.

आई ती रोज सॅनिटायझरनं पुसायची. मी पुन्हा ओरडलो, "करपेल ती!" तेव्हापासून साध्या पाण्यानं पुसू लागली, पण पहिले काही दिवस काचेवर अत्याचार झालेच.

मग ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागला. पुष्कळ फोनाफोनी केल्यावर कल्याणला एका हॉस्पिटलात जागा मिळाली. अँब्युलन्स खाली आली, पांढऱ्या किटमधली दोन माणसं खुर्ची घेऊन वर आली. त्यांनी आम्हाला सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. आई मागे झाली नाही. पडद्याला चिकटून उभी राहिली, काचेला कपाळ टेकून. बाबा पलंगावरून उठले, पडद्याजवळ आले, तिच्याकडे नीट बघितलं. आई जुन्या वळणाची, मेण लावून त्यावर ठसठशीत कुंकू लावणारी. उन्हाळ्याचे दिवस, घाम, त्यात ते टेकलेलं कपाळ. बाबांनी स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

"अगं, कुंकू बघ कसं विस्कटलंय," ते म्हणाले. "नीट करून ये जा."

आणि ती गेली. त्यांनी सांगितलं की ती जायचीच. मोरीतल्या आरशासमोर तिनं कपाळ पुसलं, पुन्हा मेण लावलं, पुन्हा कुंकू लावलं. दोन मिनिटांचंच ते काम होतं, पण किटमधल्या माणसांना घाई होती, त्यांना अजून चार घरं करायची होती. ती कुंकू नीट करून बाहेर आली तेव्हा लिफ्ट खाली गेलेली. तिनं गॅलरीत धाव घेतली. तिथून अँब्युलन्सचं छप्पर दिसलं.

बाबा परत आले नाहीत. शेवटचं दर्शन मलाही लांबूनच मिळालं, आईला तेवढंही नाही. दहावं मी खडवलीला नदीवर केलं, मोजक्या चार माणसांत. घरी आलो तर कल्याणची आत्या, बाबांची थोरली बहीण, आईजवळ येऊन बसलेली. आईनं कुंकू आधीच सोडलं होतं. कुणी सांगायची वाट पाहिली नव्हती. मी तिला म्हणालोही होतो, "लावत जा गं आई. आता कोण बघतंय?"

"तेच तर म्हणते मी," ती म्हणाली.

आत्याची नजर पडद्यावर गेली. काचेवर आईच्या कपाळाच्या उंचीवर कुंकवाचा लाल डाग होता. आत्या भाबडी आहे, वाईट नाही. तिच्या मनात आलं की बाईच्या कपाळावरचं गेलं आणि हे असं दारावर राहिलं, हे बरं नव्हे. तिनं ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. गेलं नाही. जाणारही नव्हतं, कारण मेणकट रंग मऊ प्लास्टिकवर बसत नाही, आत शिरतो. मग तिनं बाबांच्या औषधांतली स्पिरिटची बाटली घेतली आणि माझं लक्ष जायच्या आत खसाखसा घासायला सुरुवात केली. डाग होता तिथंच राहिला. त्याच्या भोवतीची काच मात्र धुरकट झाली.

आई उठली, आत्याच्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं. "राहू द्या, वन्सं," ती म्हणाली. "कपाळावरचं पुसलंय ना मी? मग झालं."

आत्या रडली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर तो पडदा उतरवायचा विषय कुणी काढला नाही. आईनं मला एकदा विचारलं, बोटीवाले हा कसा सांभाळतात. मी नियम सांगितले. कान देऊन ऐकले तिनं. सकाळी ती पडदा खालून वर गुंडाळायची, मध्ये तिच्या विरलेल्या सुती साडीचा तुकडा घालून, आणि वरच्या पट्ट्यांनी बांधायची. हात पोचत नसे, म्हणून स्टूल घ्यायची. दुपारी जेवणं झाली की सोडायची. महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवायची, आणि आमच्याकडे नळाला गोडंच पाणी येतं हे सांगूनसुद्धा मला दर वेळी विचारून खात्री करायची. घराला रंग काढला तेव्हा त्या चौकटीला ब्रश लावू दिला नाही. पेन्सिलच्या खुणा तशाच राहिल्या.

दुपारी पडदा सोडून ती आत बाबांच्या पलंगावर पडायची, दाराकडे तोंड करून. माझी बायको काही आणायला जायची तर बाहेरून विचारायची, "आई, तुमच्या बोटीत येऊ का?"

"ये, जागा आहे," आई म्हणायची.

एका रविवारी मी आत गेलो, तर ती डोळे उघडे ठेवून पडलेली. मी म्हटलं, काय बघतेस एवढं? तिनं मला बाजूला बसवलं आणि लाल डागाकडे बोट केलं.

"त्यांना मी इथून कशी दिसत असेन, ते बघते."

मी बघितलं. धुरकट झालेल्या काचेत तेवढा एक लाल ठिपका, आणि त्याच्यामागे आमचा हॉल, टीव्ही, वाळत घातलेले टॉवेल.

"हे किती टिकेल रे?" तिनं विचारलं.

"तू जपतेस तेवढं कुणी जपत नाही."

"ते नाही विचारलं. माझ्याआधी जाईल का?"

मला दुःख झालं की राग येतो, लहानपणापासूनची खोड आहे. "काहीतरीच बोलू नकोस," असं म्हणून मी उठलो आणि विनाकारण पंख्याच्या रेग्युलेटरशी खटपट करत बसलो. काय सांगणार होतो? घरात ऊन नाही, खारं वारं नाही, म्हणजे खरं तर काच पुष्कळ टिकायला हवी. पण आधी सॅनिटायझर बसलेलं, मग स्पिरिट. शिवाय रोजचं गुंडाळणं. काचेचं सगळं मऊपण हळूहळू उडून जातं आणि ती ताठर होते. ताठर झालेली काच दिसायला ठीक असते, फक्त वाकवायला गेलं की कळतं. मी रोज सकाळी आई पडदा गुंडाळताना तिकडे न बघायला शिकलो होतो. आवाज मात्र यायचा. नव्या काचेचा गुंडाळताना आवाज येत नाही. हिचा यायला लागला होता.

यंदाच्या जानेवारीत एका सकाळी ती चिरली. डोंबिवलीची थंडी ती काय, पण जुन्या काचेला तेवढीही पुरते. वरच्या शिलाईपासून निघालेली चीर तिरकी खाली आली आणि लाल डागाच्या मधून गेली. आई स्टुलावर उभी, दोन्ही हातांत अर्धवट गुंडाळलेला पडदा, आणि तिला धड गुंडाळता येईना की सोडवेना. मी तिला धरून खाली उतरवली. ती रडली नाही. मला म्हणाली, "शिवून दे."

"आई, शिवता नाही येणार. सुईनं भोकं पडली की त्या भोकांवरूनच फाटेल."

"मग चिकटव."

मी चिकटपट्टी लावली. आठवड्याभरात तिच्या बाजूनं दुसरी चीर निघाली. मी म्हणालो, डागाचा तेवढा तुकडा कापतो, फ्रेम करून देतो, भिंतीवर लाव. ती एकदम चिडली. मी तिला इतकी चिडलेली क्वचित पाहिली असेल.

"भिंतीवर त्यांचा फोटो आहे. हे भिंतीवर लावायचं नाही. ह्याच्यातून बघायचं असतं."

मग मी शेडमध्ये जाऊन नवीन पडदा केला. कारागिरांना हात लावू दिला नाही. जुना पडदा नमुन्याला घेतला नाहीच. आदल्या रात्री चौकटीवरच्या बाबांच्या खुणांवरून माप घेऊन ठेवलं होतं, रुंदी तीन जागी. शेडमधल्या सगळ्यांना वाटलं, कुठल्या तरी मोठ्या गिऱ्हाइकाचं काम आहे.

रविवारी तो घरी आणला. जुना पडदा अजून बटणांवर होता. तो काढायच्या आधी नवा नीट बसतोय का ते बघावं म्हणून मी एका बाजूनं आणि बायकोनं दुसऱ्या बाजूनं, असा आम्ही नवा पडदा जुन्याच्या पुढे धरला. नव्या काचेतून जुनीचं सगळं स्वच्छ दिसत होतं, चिरा, धूर, पिवळेपणा आणि मधोमध तो लाल ठिपका. बायकोनं आधीच देवघरातून कुंकवाचा करंडा आणून टेबलावर ठेवलेला. तिला बोलून दाखवायचं धाडस होईना, पण आईच्या ते लक्षात आलं.

"नको गं बाई," आई म्हणाली. "तेव्हा पलीकडे माणूस होतं."

मग ती आताशा चालते तशी जरा वाकून पुढे आली आणि नव्या काचेला मोकळं कपाळ टेकून उभी राहिली. बराच वेळ. मग तिनं नुसते डोळे वर केले. लाल ठिपका तिच्या कपाळाच्या वर होता. चांगला चार बोटं वर.

"हे वर कसं गेलं रे?"

"आकसतं आई ते. वरून टांगलेलं असतं ना, म्हणून सगळं वर ओढलं जातं."

हे खोटं नव्हतं. आकसते काच. पण एवढ्या लांबीची काच फार फार तर बोटभर आकसते, हे मी रोज नव्या पोरांना ओरडून सांगतो.

"एवढं आकसतं?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "एवढं आकसतं."

तिनं काचेवर हात ठेवला, ठिपक्यापासून आपल्या कपाळापर्यंत बोटं मोजल्यासारखी उतरवली. ती ड्राफ्ट्समनची बायको होती. तिला माप कळत नव्हतं असं नाही. मग तिनं पडद्याच्या कडेवरून हात फिरवला, शिलाई बघितली, एक बटण लावून-काढून बघितलं, अगदी गिऱ्हाईक बघतं तसं.

"आणि ही किती टिकेल?"

"पाच वर्षं," मी सांगितलं. "जपलीस तर सहा."

आजवर हे उत्तर ऐकून "फक्त?" न म्हणणारं कुणी मला भेटलेलं नाही.

"पुष्कळ झाली," आई म्हणाली, आणि नव्या काचेत घालायला साडीचा मऊ तुकडा शोधायला कपाटाकडे गेली.